पोर्तुगीज फुटबॉलचं मराठी समालोचन

ज्या माणसाने मला ऑफसाइड शिकवला, त्याला स्वतःला तो शेवटपर्यंत कळला नाही. पडद्यावर लाइन्समनचा झेंडा वर गेला की ते माइक तोंडाशी धरून खणखणीत आवाजात म्हणत, "पंचांचा निर्णय, आणि पंचांचा निर्णय अंतिम." मग माइकवर हात ठेवून मला हळूच विचारत, "काय झालं गं नेमकं?"

"मला काय माहीत, सर. तुम्हीच शिकवलंत."

"बरं, असू दे. कुणाच्या लक्षात येणार नाही."

सर म्हणजे पुण्याच्या आमच्या कंपनीने जर्मनीत ब्राउनश्वाइगला पाठवलेले आमचे गटप्रमुख. गिअरबॉक्स आवाज का करतो ते शोधून काढायचं, हे त्यांचं काम आणि त्यांच्या हाताखाली माझंही. दोन हजारच्या दशकातली गोष्ट. मी अठ्ठावीसची होते, ते पन्नाशीला टेकलेले. वहिनी आणि दोन मुली पुण्यात. गाव सांगलीकडचं. नोकरी लागल्यावरही वीसेक वर्षं रजा टाकून त्यांनी गावोगावच्या कबड्डी स्पर्धांचं समालोचन केलं होतं. तेही मातीतल्या कबड्डीचं. मॅटवरची कबड्डी त्यांना मान्य नव्हती. "मॅटवर माणूस पडला तर धप्प आवाज येत नाही," ते म्हणायचे. "सगळा आवाज समालोचकाला काढावा लागतो."

जर्मनीत कुणालाच समालोचक नको होता. पण वीस वर्षांची सवय. सर ट्रामचं समालोचन करायचे, कँटीनच्या रांगेचं करायचे, प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदाचं करायचे. आवाज हळू, पण शेजारच्याला स्पष्ट ऐकू जाईल इतका. एकदा ब्यूर्गरआम्टमध्ये, म्हणजे जिथे नवीन आलेल्या प्रत्येकाला पत्ता नोंदवायला जावंच लागतं तिथे, आम्ही नंबर लावून बसलो होतो. सर सुरू झाले. "खिडकी क्रमांक चार. तरुण जोडपं. कागद पुढे सरकवले. बाई एकेक पान बघताहेत. मान हलली. पुन्हा हलली. कागद परत, आणि हे जोडपं बाद."

जोडप्यातला नवरा मागे वळला आणि म्हणाला, "घरमालकाची सही राहिली हो, काका."

सर जराही ओशाळले नाहीत. "पुढच्या चढाईला शुभेच्छा," म्हणाले.

पोर्तुगीजांकडे आम्ही गेलो ते माशांसाठी. मी रत्नागिरीची. जर्मनीतला रविवार म्हणजे दुकानं बंद, रस्ते रिकामे, आणि फ्रीजमध्ये शनिवारी जे आणायला विसरलो ते नाही. ट्रामच्या शेवटच्या स्टॉपजवळ एका इमारतीच्या तळघरात पोर्तुगीज कामगारांचा फेराइन होता. फेराइन म्हणजे मंडळ, पण रजिस्टर केलेलं, घटना असलेलं, अध्यक्ष असलेलं मंडळ. पस्तीसेक वर्षांपूर्वी तिकडच्या एका लहान गावातून पंधरा-वीस माणसं जवळच्या कारखान्यांत कामाला आली आणि इथेच म्हातारी झाली. रविवारी दुपारी अध्यक्षांची बायको, दोना ऑरोरा, मोठ्या पातेल्यात मासे आणि भात करायची. पाहुणे चालायचे. मला फुटबॉलमधलं काही कळत नसलं तरी मासा कळतो. मी दुसऱ्या रविवारी सरांनाही घेऊन गेले.

समोर टीव्हीवर फुटबॉलची मॅच चालू होती आणि टीव्हीचा आवाज बंद होता. वीस माणसं काटे काढत मुकाट्याने बघत होती. सरांनी विचारलं, टीव्ही बिघडलाय का. अध्यक्ष म्हणाले, "नाइन, नाही. ठराव आहे." झालं होतं असं, की त्यांच्या गावचा क्लब, पिवळ्या जर्सीवाला, पहिल्या विभागात तळाशी धडपडत होता, आणि टीव्हीवरचा समालोचक सगळा वेळ मोठ्या क्लबांचं कौतुक करायचा, पिवळ्यांची नावं चुकीची घ्यायचा. म्हणून वार्षिक सभेत हात वर करून ठरवलं की मॅच बघायची, आवाज ऐकायचा नाही. तसं कागदावर लिहिलेलं होतं. माणूस पस्तीस वर्षं जर्मनीत राहिला की असा होतो.

सरांना ती शांतता सोसेना. दहा मिनिटं त्यांनी भात खाल्ला. मग सुरुवात झाली, पुटपुटत. मग जरा मोठ्याने. पिवळ्यांच्या एका पोराने डावीकडून मुसंडी मारली तेव्हा सर उभेच राहिले. "एकटा. एकटा शिरलाय. समोर तीन गडी, पण थांबायला तयार नाही. पायात पाय आला, पडला नाही, पडला नाही, आणि पडला." शेवटचा 'पडला' तळघराच्या भिंतीला जाऊन लागला. वीस माना वळल्या. कुणाला एक अक्षर कळलं नव्हतं. अध्यक्ष उठले, कपाटातून लॉटरीच्या कार्यक्रमाचा माइक काढला आणि सरांच्या ताटाशेजारी ठेवला.

पुढच्या रविवारी सर टाय लावून आले.

त्यांची तयारी भयंकर असायची. आठवडाभर ते प्रत्येक खेळाडूचं गाव, वय, कुठला पाय चालतो, हे सगळं वहीत उतरवून काढायचे. नावांचे उच्चार दोना ऑरोराकडून घोटून घ्यायचे. बाकी भाषा मात्र मातीतली. डावीकडचा बचावपटू म्हणजे 'डावा कोपरारक्षक'. पेनल्टीच्या चौकटीत गेलेला बॉल 'निदान रेषेपलीकडे'. जोडीला घोषणा. "निळ्या स्वेटरमधले गृहस्थ, कृपया खाली बसून घ्यावे, मागच्या रसिकांना दिसत नाही." आणि निळा स्वेटर, जन्मात मराठी न ऐकलेला, खाली बसायचा. घशासाठी खिशात ज्येष्ठमधाची कांडी.

चौथ्या आठवड्यात त्यांनी मला शेजारी बसवलं. "एकाने बोललं की ती बडबड होते," म्हणाले. "दोघांनी बोललं की प्रक्षेपण. तू तज्ज्ञ."

"सर, मला खेळ कळत नाही."

"तज्ज्ञाला कळावा लागत नाही. विचारलं की शांतपणे बोलायचं."

तर मी शांतपणे बोलायचे. "आपल्यासोबत आमच्या तज्ज्ञ आहेत. या गोलबद्दल काय सांगाल?"

"बॉल आत गेला."

"अचूक निरीक्षण. आणि बचावफळीबद्दल?"

"ते उशिरा आले."

सर म्हणायचे, मोठे मोठे तज्ज्ञ याहून वेगळं काही बोलत नाहीत, फक्त जास्त वेळ घेतात.

नोव्हेंबरात अध्यक्षांनी एक गोष्ट सांगितली आणि मजेत थोडी धाकधूक आली. फेराइनच्या टीव्हीला जे कार्ड होतं त्यावर फक्त पहिल्या विभागाच्या मॅचेस दिसायच्या. दुसरा विभाग कुठल्याच चॅनेलवर नव्हता. पिवळे तेव्हा खालून तिसरे होते, आणि खालचे तीन संघ दर वर्षी उतरतात.

"म्हणजे हे खाली गेले तर?" सरांनी विचारलं.

"तर पडदा बंद," अध्यक्ष म्हणाले. "रविवारी नुसता मासा."

परत जाताना ट्राम आली, लोक चढले, एका बाईची छत्री दारात अडकली. सर काही बोलले नाहीत. पिवळे गेले की माइक गेला, हे त्यांना कळलं होतं.

पण कबूल करतील तर ना. "समालोचकाला संघ नसतो," हे त्यांचं ब्रीद. "बायको असते, गाव असतं, कर्ज असतं. संघ नसतो." त्यांच्या स्वतःच्या गावाचा संघ एकदा अंतिम सामना हरला, तेव्हा शेवटच्या चढाईत चार गडी मारणाऱ्या परक्या पोराची त्यांनी इतकी तारीफ केली की वडिलांनी आठ दिवस त्यांच्या पंगतीला बसायचं नाकारलं. ही गोष्ट ते पदक दाखवावं तशी सांगायचे.

त्यावरूनच जानेवारीत भांडण झालं. लिस्बनच्या एका मोठ्या क्लबने शेवटच्या दोन मिनिटांत लांबून गोल मारला आणि पिवळे हरले. खोलीत सुतक. सर मात्र उभे राहून पूर्ण तीन मिनिटं बोलले, त्या खेळाडूच्या पायाबद्दल, वाऱ्याबद्दल, त्याच्या आईवडिलांबद्दल. अध्यक्षांनी मला विचारलं, "काय म्हणतोय तो?"

मी खोटं बोलण्यात वेळ घालवत नाही. "म्हणतायत, असा गोल बघायला मिळाला हे आपलं भाग्य."

अध्यक्षांनी काटा खाली ठेवला. तिथल्या तिथे ठराव आला, विरुद्ध संघाच्या गोलला आवाज चढवू नये. चौदा हात वर. मी सरांना सांगितलं. त्यांनी माइक बंद केला, टाय सैल केला आणि कोट घातला. "कौतुक कुणाचं करायचं हे सभेत ठरत असेल तर त्यांनी भाट ठेवावा. मी समालोचक आहे."

"सर, भात तरी संपवा."

"नको."

दोन रविवार आम्ही गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न त्यांचा होता, मासे माझे गेले. तिसऱ्या आठवड्यात दोना ऑरोराने मला फोन केला. "त्याला घेऊन ये. त्याला हवं त्याचं कौतुक करू दे. इथे सगळे आता मॅच सोडून गुडघ्यांबद्दल बोलतात. मला पंधरा जणांचे गुडघे पाठ झालेत."

ठराव मागे घेतला गेला. तोही लिहून ठेवला असणार.

फेब्रुवारीनंतर पिवळे जरा सावरले. सरांचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच चढायचा, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण मी शेजारी बसायचे, मला टेबलाखालचं दिसायचं. विरुद्ध संघ पुढे आला की सरांचे दोन्ही पाय जमिनीत रुतायचे. पिवळ्यांना बॉल मिळाला की उजवा पाय लाथ मारायचा. एकदा माझ्या नडगीला लागली.

"सर, तुमच्या पायाला संघ आहे."

"पाय प्रक्षेपणात येत नाहीत," ते म्हणाले.

मे महिन्यातला शेवटचा रविवार. हिशेब साधा होता. पिवळे आणि हिरव्या जर्सीवाला आणखी एक संघ, दोघांपैकी एकच वाचणार. पिवळे दोन गुणांनी पुढे. दोघांच्या मॅचेस एकाच वेळी, वेगवेगळ्या गावांत. सरांनी मला शुक्रवारीच सांगितलं होतं, "तज्ज्ञांनी तक्ता करावा. कुठला निकाल लागला तर कोण राहील." मी केला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, रंग देऊन. गुण सारखे झाले तर गोलांचा फरक बघायचा. जर्मन लीगमध्ये तसंच असतं, आपल्याकडे क्रिकेटमध्ये रनरेट बघतात तसं. पिवळ्यांचा फरक हिरव्यांपेक्षा बराच चांगला होता. म्हणजे पिवळ्यांना बरोबरी पुरेशी होती. मी तसं मोठ्या अक्षरांत छापलं. फेराइनमधल्या म्हाताऱ्यांनी तो कागद हातोहात फिरवला, माना डोलावल्या, "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले. तेही पस्तीस वर्षं जर्मन वर्तमानपत्रातला तक्ताच वाचत आलेले. आणि कागद इंजिनिअरांनी केलेला.

मॅच एक-एक अशी संपली. स्वयंपाकघरात दोना ऑरोरा गावातल्या नणंदेशी फोनवर होती. तिने दारातून बोटं दाखवली, हिरवे दोन-शून्य जिंकले. गुण सारखे.

सरांनी माइकवर हात ठेवला. "तक्त्याप्रमाणे?"

"तक्त्याप्रमाणे पिवळे राहिले. गोलफरकाने."

"नक्की?"

"नक्की."

मग सरांनी जे केलं ते समालोचन नव्हतं. ते खुर्चीवर चढले. शब्द मला आठवत नाहीत, शब्द नव्हतेच बहुतेक, पण भाषांतराची गरज पडली नाही. वीस म्हातारे एकमेकांना मिठ्या मारत होते, सरांच्या गालांचे मुके घेत होते. अध्यक्ष माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभे होते, त्यांचं वजन बरंच होतं.

पडद्यावर पिवळ्या जर्सीवाले मैदानात बसले होते. एकाने जर्सी तोंडावर ओढून घेतली होती. सरांची नजर तिकडे गेली आणि सवयीने माइक वर आला. "पाहा रसिकहो, खेळाडूंना अश्रू आवरत नाहीत. हे आनंदाचे अश्रू…"

मी बघत होते. दुसरा एक खेळाडू पालथा पडून गवत उपटत होता. प्रशिक्षक एकेकाला हाताला धरून उठवत होता, जसं प्रेताजवळून माणसाला उठवतात.

"सर," मी म्हटलं, "आनंदाने माणूस असं बसत नाही."

तेवढ्यात दोना ऑरोरा फोन हातात घेऊन बाहेर आली आणि नवऱ्याला दोन वाक्यं बोलली. खोली पुढून मागे अशी गप्प होत गेली. पोर्तुगालमध्ये गुण सारखे झाले तर आधी त्या दोन संघांच्या आपसातल्या मॅचेस बघतात. गोलफरक नंतर. आपसातल्या दोन मॅचेसपैकी एक हिरवे जिंकले होते, एक बरोबरीत सुटली होती. दोन्हींचं समालोचन आम्हीच केलं होतं.

सर खुर्चीवरून उतरले. वर्षभर त्या माइकवर ते मराठीशिवाय काही बोलले नव्हते. आता जर्मनमध्ये बोलले, सावकाश, ऑफिसात चुकलेली चाचणी मान्य करताना बोलायचे तसं. "आल्झो. तर, मी चुकीची घोषणा केली. समालोचकाने नियम वाचून यायचं असतं. मी वाचला नाही."

"पण तो कागद?" निळा स्वेटर म्हणाला.

"माझा," सर म्हणाले.

मी गप्प बसले. वीस माणसं रडत होती, आणि रडणाऱ्या माणसांपुढे उभं राहून कागद माझा होता हे सांगायची हिंमत मला झाली नाही. नंतर ट्राममध्ये मी विषय काढला, तर सर म्हणाले, "तज्ज्ञ पाहुणे असतात. पाहुण्यांवर ढकलायचं नसतं." उन्हाळाभर त्यांनी कशाचंच समालोचन केलं नाही. कँटीनची रांग नुसती रांग राहिली. पुण्याहून वहिनींचा मला फोन आला, "अगं, यांना बरं नाहीये का? फोनवर विचारलं तेवढंच बोलतात."

मला दुःखाचं काही करता येत नाही, पण अडचणीचं करता येतं. दुसऱ्या विभागाच्या मॅचेस टीव्हीवर नाहीत ना, मग कुठे आहेत ते शोधू. दोन संध्याकाळी बसून मी शोधून काढलं. पोर्तुगालमधल्या त्या गावातलं एक छोटं रेडिओ केंद्र पिवळ्यांची प्रत्येक मॅच इंटरनेटवर ऐकवायचं. ऑगस्टमधल्या पहिल्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन गेले, फेराइनच्या स्पीकरला जोडला आणि सगळ्यांना बोलावून घेतलं. सरांनाही सांगितलं, "सर, मॅच परत आली."

ते टाय लावून आले. हातात नवी वही होती, दुसऱ्या विभागातल्या संघांची.

स्पीकरमधून एक घोगरा आवाज सुरू झाला. त्यांच्या गावचा, त्यांच्या बोलीतला, पिवळ्यांच्या बाजूने उघड उघड पेटलेला. नावं बरोबर घेत होता. म्हातारे पुढे झुकले. कुणी काटा हलवेना. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले होते.

सर वही मांडीवर ठेवून बसले होते. मी मॅच परत आणली होती, पण ती समालोचकासकट आली होती, हे त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दहाएक मिनिटांनी ते माझ्याकडे वाकले. "पक्षपाती आहे हा."

"हो, सर."

"पण मैदान उभं करतो समोर." त्यांनी वही मिटली. "श्वास कुठे घ्यायचा ते कळतं त्याला."

मध्यंतराला रेडिओवर जाहिराती लागल्या. अध्यक्षांनी आवाज बारीक केला, कपाटापाशी गेले आणि माइक आणून सरांसमोर ठेवला. "पंधरा मिनिटं," म्हणाले. "तुमची."

सर उभे राहिले. आणि त्या माणसाने न बघितलेल्या, परक्या भाषेत ऐकलेल्या, एक शब्दही न समजलेल्या पहिल्या अर्ध्या तासाचं आणि वरच्या पंधरा मिनिटांचं समालोचन केलं. गोल झाले नव्हते, त्यांनीही केले नाहीत. पण दोन पकडी सुटल्या, एक पोरगा जखमी होऊनही खेळत राहिला, आणि वारा पिवळ्यांच्या विरुद्ध होता. आत्ताच सगळं आपल्या भाषेत ऐकलेले म्हातारे पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते.

मग ते माझ्याकडे वळले. "आपल्यासोबत तज्ज्ञ आहेत. पहिल्या सत्राबद्दल काय सांगाल?"

मी माइक घेतला आणि जर्मनमध्ये म्हटलं, "मे महिन्यातला तो तक्ता मी केला होता. यांनी नाही. नियम मी बघितला नव्हता. त्या दिवशी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. "बरं, बरं, चालू द्या," ते म्हणाले. "चार मिनिटं राहिलीत."

सरांचे कान लाल झाले होते. मला वाटलं आता काही बोलतील. त्यांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला, टाय सरळ केला आणि वीस पोर्तुगीजांना मराठीत सांगितलं, "रसिकहो, व्यत्ययाबद्दल क्षमस्व."